जुन्या पिकअपची बॅटरी बॉनेटमधून हौद्याखाली नेताना

गोव्यात मासळी, चिरे, नारळ किंवा बाजाराचा माल वाहणाऱ्या जुन्या पिकअपचे बॉनेट उघडले, की बॅटरीची अवस्था बहुतेक वेळा सारखीच दिसते. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचलेली असते, खालचा ट्रे गंजून त्याची चाळण झालेली असते आणि मूळ पट्टीची जागा रबरी ट्यूबने घेतलेली असते. अशा गाडीच्या मालकाला आज ना उद्या कोणीतरी सुचवते, की बॅटरी इथून काढून मागे हौद्याखाली चासीवर घ्यावी. सूचना चुकीची नाही. मात्र हे काम करून घेणारे बरेच जण सगळे लक्ष लोखंडी पेटीवर देतात आणि केबल व अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी) शेवटी, उरलेल्या वेळात उरकून घेतात. पेटी हा या कामाचा सोपा भाग आहे. बॅटरीपासून सेल्फपर्यंत (इंजिन सुरू करताना ते फिरवणाऱ्या मोटरपर्यंत) आणि सेल्फपासून परत बॅटरीपर्यंत विजेचा जो रस्ता मूळ गाडीत हात-दीड हाताचा होता, तो आता प्रत्येक बाजूने चार मीटरच्या आसपास होणार असतो, आणि तो जाताना जितका चांगला हवा तितकाच परत येतानाही चांगला हवा. या लेखाचा मोठा भाग त्या रस्त्यासाठी खर्च केला आहे.

येथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे बॉनेटखाली १२ व्होल्टची एक बॅटरी, स्वतंत्र चासी आणि सुमारे अडीच लिटरचे साधे, यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन असलेली पिकअप. ज्या गाडीत इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे, तिच्या नियंत्रक पेटीचा वीजपुरवठा आणि अर्थिंग कंपनीने जेथे दिले आहे तेथून हलवू नये, आणि असे काम त्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा वाचू शकणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे.

हलवावी की नाही

बॅटरी हलवण्याचे सर्वांत सबळ कारण उष्णता हे आहे. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण २५ अंश सेल्सिअसच्या हिशेबाने मोजले जाते, आणि त्यावर दर १० अंशांना ते जवळपास निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा गरम धूर बाहेर नेणारा भाग) किंवा टर्बो बॅटरीच्याच बाजूला असेल आणि गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चिरेखाणीचे चढ चढत असेल, तर चांगली बॅटरीही दीड-दोन वर्षांत मान टाकते. दुसरे रास्त कारण म्हणजे जागा: अधिक क्षमतेची बॅटरी मूळ ट्रेमध्ये मावत नसेल, किंवा तेथे दुसरे काही बसवायचे असेल, तर बॅटरीला बाहेर जावेच लागते.

केवळ ट्रे गंजला म्हणून मात्र बॅटरी हलवू नये. नवा ट्रे वेल्ड करून घेणे हे त्याहून कितीतरी स्वस्त आणि टिकाऊ काम आहे. सेल्फ हळू फिरतो म्हणूनही हलवू नये, कारण केबल लांब झाल्याने तो आणखी हळू फिरेल. आधी खाली सांगितलेली मोजणी मूळ जागीच करून पाहावी. अनेकदा दोष इंजिनाच्या अर्थ पट्टीत सापडतो आणि अर्ध्या तासात प्रश्न मिटतो. उष्णतेचा त्रास असल्यास मॅनिफोल्ड आणि बॅटरी यांच्यामध्ये हवेची फट ठेवून पत्र्याचा आडोसा लावून एक उन्हाळा काढून पाहणेही शहाणपणाचे ठरते.

जागा निवडणे

केबिनमध्ये, सीटखाली बॅटरी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तेथे पाणी येत नाही. साधी, पाणी भरायची बॅटरी तेथे ठेवणे धोक्याचे आहे. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात ती हायड्रोजन सोडते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. त्यासोबत येणारे आम्लाचे बारीक तुषार सीटचे लोखंड आणि माणसाची छाती दोन्ही खातात. पूर्ण बंद प्रकारची बॅटरी असली तरी जास्त चार्ज झाल्यास तिचा झडप-मार्ग उघडतो, म्हणून तिलाही गाडीबाहेर जाणारी नळी लागते. एवढा खटाटोप करण्यापेक्षा केबिनचा विचार सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हौद्यात केबिनच्या पाठीशी पेटी ठेवली तर मालाची जागा जाते आणि चिरा किंवा बर्फाचा खोका एकदा तरी तिच्यावर आदळतोच.

उरते ती चासीच्या लांब चॅनेलची बाहेरची बाजू, केबिन आणि मागचे चाक यांच्यामध्ये. बऱ्याच पिकअपमध्ये एका बाजूला डिझेलची टाकी असते, म्हणून दुसरी बाजू घ्यावी. तेथून सायलेन्सरचा पाइप जात असेल तर पेटी आणि पाइप यांत वीतभर तरी अंतर ठेवून मध्ये पत्र्याचा आडोसा लावावा. जागा ठरवण्यापूर्वी गाडीत पूर्ण माल भरून खाली वाकून पाहावे, कारण रिकाम्या गाडीत ऐसपैस वाटणारी उंची भाराने स्प्रिंगचे पाटे बसल्यावर उरत नाही. पेटीचा तळ डिझेलच्या टाकीच्या तळाखाली जाऊ देऊ नये. ज्यांची गाडी फेरीबोटीत चढते-उतरते, त्यांनी हे विशेष जपावे. ओहोटीच्या वेळी फेरीची फळी आणि धक्क्याचा उतार यांचा कोन तीव्र होतो आणि गाडीचे पोट नेमके तेथेच टेकते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे वरून काय गळते. मासळीच्या गाडीत हौद्याच्या छिद्रांतून दिवसभर बर्फाचे खारट पाणी ठिबकत असते. ते पेटीच्या झाकणावर पडले तर झाकणाच्या कडेने आत शिरते, टर्मिनलमधून टर्मिनलकडे ओलसर खारी वाट तयार होते आणि उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरत राहते. म्हणून पेटी त्या छिद्रांखाली येणार नाही अशी बसवावी, किंवा छिद्राला नळी जोडून पाणी दूर सोडावे.

चासीवर ठोकलेला चासी क्रमांक पेटीआड जाणार नाही, याचीही खात्री आधीच करून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणारे फेरफार करता येत नाहीत. बॅटरीची जागा त्या तपशिलांत येत नाही, परंतु क्रमांक झाकला गेला किंवा त्यावर रंगाचा थर बसला तर फिटनेसच्या वेळी उगाच अडचण होते, आणि ८ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दरवर्षी घ्यावे लागते. विमा कंपनीलाही या बदलाची लेखी कल्पना देऊन ठेवावी.

केबल किती जाडीची

अशा इंजिनाचा सेल्फ फिरताना साधारण ३०० अँपिअर ओढतो आणि फिरायला लागण्याच्या पहिल्या क्षणी त्याहून बराच जास्त ओढतो. तांब्याच्या केबलमध्ये किती व्होल्ट वाया जातील हे काढण्याचा हिशेब सोपा आहे: ०.०१७५ ला केबलच्या मीटरमधील लांबीने गुणावे, चौरस मिलिमीटरमधील जाडीने भागावे आणि आलेल्या संख्येला अँपिअरने गुणावे. चार मीटर केबल आणि ३०० अँपिअर धरले, तर १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये १.३ व्होल्ट जातात, २५ च्या केबलमध्ये ०.८४, ३५ मध्ये ०.६०, ५० मध्ये ०.४२ आणि ७० मध्ये ०.३०. ही झाली फक्त जाण्याची वाट. परतीची केबलही तेवढीच लांब असेल तर आकडा दुप्पट होतो. सेल्फ मारताना चांगल्या बॅटरीच्या टोकांवरही साडेदहा-अकरा व्होल्टच उरतात. त्यातून २५ च्या केबलने दोन्ही बाजूंना मिळून पावणेदोन व्होल्ट खाल्ले, तर सेल्फच्या वाट्याला नऊ व्होल्ट येतात आणि तो कण्हत फिरतो. म्हणून चार मीटरपर्यंत ५० चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक केबल घेऊ नये, आणि लांबी त्याहून जास्त असेल किंवा इंजिन मोठे असेल तर ७० ची घ्यावी.

चार्जिंगसाठीही हीच जाडी उपयोगी पडते. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) ६० अँपिअर देत असताना ५० च्या केबलमध्ये जेमतेम ०.०८ व्होल्ट जातात, त्यामुळे मागे गेलेली बॅटरी पूर्ण चार्ज होत राहते. बारीक केबलमुळे ती कायम थोडी उपाशी राहते, प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, आणि मालक दोष बॅटरीला देतो.

बाजारात जाड, लालचुटूक आवरणाची केबल स्वस्तात मिळते, तिच्याबाबत सावध राहावे. आतली वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते, आणि तिचा विरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. दुकानातच एक तार सोडवून ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर केबल परत द्यावी. वेल्डिंगची केबल तांब्याची असेल तर चालते, मात्र तिच्या रबरावर डिझेल आणि आम्ल यांचा परिणाम होतो, म्हणून ती नळीतूनच न्यावी. कथिलाचा मुलामा दिलेल्या तारांची, बोटींच्या वायरिंगसाठी वापरली जाणारी केबल मिळाली, तर खाऱ्या हवेत तिच्याइतकी दुसरी टिकत नाही, आणि जेटीवर रोज जाणाऱ्या गाडीसाठी जास्तीचे पैसे त्यातच घालावेत.

पेटी

बॅटरीचे वजन २० किलोच्या घरात असते आणि खड्ड्यात आपटताना ते कितीतरी पटींनी वाढल्यासारखे होते, त्यामुळे पेटीचा सांगाडा ४० मिलिमीटरच्या अँगलचा करावा. हा सांगाडा चासीला वेल्ड करू नये. चासीच्या चॅनेलची वरची आणि खालची आडवी पट्टी सर्वांत जास्त ताण सोसते, म्हणून तेथे वेल्डिंगही नको आणि ड्रिलही नको. चॅनेलच्या उभ्या बाजूवर कंपनीने ठेवलेली छिद्रे बहुतेक गाड्यांत सापडतात. ती वापरावीत, आणि आतल्या बाजूने जाड पत्र्याचा तुकडा देऊन नायलॉक नटने बोल्ट आवळावेत. गाडीवर कोठेही वेल्डिंग करायचे असल्यास त्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या जोडण्या काढून ठेवाव्यात, अन्यथा अल्टरनेटरचे डायोड जातात.

सांगाड्याच्या आत पत्र्याची पेटी करण्यापेक्षा फायबरची करून घ्यावी, असे मी सुचवेन. गोव्यात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर किनाऱ्याकडच्या गावांत भेटतात, आणि बॅटरीच्या मापाचा डबा करणे हे त्यांच्यासाठी किरकोळ काम आहे. फायबरला मीठही खात नाही आणि आम्लही खात नाही. तळाला दोन छिद्रे पाणी जाण्यासाठी ठेवावीत. वरच्या बाजूला, झाकणाच्या लगेच खाली, समोरासमोर दोन भोके वायू जाण्यासाठी ठेवून त्यांवर खालच्या दिशेने वळलेली टोपी बसवावी; हायड्रोजन हवेपेक्षा हलका असल्याने तो वरूनच निघतो. बॅटरीखाली रबराचा तुकडा, वरून मूळ प्रकारची पट्टी आणि दोन्ही बाजूंना लांब बोल्ट, एवढे केले की हाताने हिसका देऊनही बॅटरी हलता कामा नये. टर्मिनल आणि झाकण यांच्यात चार बोटे जागा ठेवावी आणि पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबरी टोपी न चुकता घालावी. पाणी तपासायला झाकण सहज उघडले पाहिजे, कारण जे उघडायला त्रास होतो ते पावसाळाभर कोणी उघडत नाही.

केबल ओढणे आणि जोडणे

हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. काढताना आधी निगेटिव्ह काढावा आणि बसवताना तो शेवटी लावावा. याचे कारण साधे आहे: निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हचा नट सोडवणारा पाना बॉडीला टेकला, तर बॅटरीतून क्षणात हजार अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो आणि पाना तेथेच चिकटून लाल होतो.

मूळ जागी पॉझिटिव्ह टर्मिनलवर सेल्फच्या केबलशिवाय आणखी तीन-चार वायरी असतात: अल्टरनेटरची, फ्यूज पेटीची, ग्लो प्लगच्या (थंड डिझेल इंजिन तापवणाऱ्या प्लगच्या) रिलेची. त्यांपैकी एकेक वायर लांबवत मागे नेणे हा चुकीचा मार्ग आहे. बॉनेटमध्ये जुन्या ट्रेजवळ प्लास्टिकच्या बैठकीवर बसवलेला, झाकण असलेला जाड जोडबोल्ट लावावा. मागून आलेली मुख्य केबल त्यावर, तेथून पुढे सेल्फची केबल, आणि उरलेल्या वायरी आपापल्या फ्यूजसह त्याच बोल्टवर याव्यात. पुढे कधी दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून सेल्फ मारायची वेळ आली, तर हाच बोल्ट कामाला येतो.

मुख्य केबलवर फ्यूज असावा की नसावा, यावर कारागिरांत दोन मते आहेत. मूळ गाडीत तो बहुधा नसतो, कारण केबल आखूड असते. चासीच्या धारदार कडांजवळून चार मीटर जाणारी केबल घासली गेली, तर ती गाडी पेटवू शकते, म्हणून मी बॅटरीपासून वीतभर अंतरात बोल्टने आवळायचा, हळू उडणारा ४०० ते ५०० अँपिअरचा फ्यूज लावण्याच्या बाजूने आहे. सेल्फच्या दहा सेकंदांच्या भाराने तो उडत नाही, पण केबल थेट चासीला टेकली तर उडतो. निगेटिव्ह बाजूला पेटीजवळच कट-ऑफ स्विच (बॅटरी गाडीपासून तोडणारा स्विच) बसवावा. तो सतत २०० अँपिअर आणि काही सेकंद त्याच्या दुप्पट भार सोसणारा हवा. इंजिन चालू असताना हा स्विच कधीही बंद करू नये, कारण बॅटरी अचानक तुटल्यावर अल्टरनेटरचे व्होल्टेज उसळते आणि रेग्युलेटर व दिवे जळतात.

केबलच्या टोकाचे थिंबल (बोल्टावर बसणारी धातूची कडी) हातोडीने ठोकून बसवलेले चालत नाही. षटकोनी दाब देणाऱ्या हायड्रॉलिक क्रिंपरने ते दाबून घ्यावे. हे यंत्र स्वतः विकत घेण्याची गरज नाही, मोठी पॅनेल जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे ते असते. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी, म्हणजे ओल तारांच्या आत चढत नाही. नुसत्या कथिलाच्या डागाने (सोल्डरने) थिंबल बसवले तर केबल डाग संपतो त्या जागी कडक होते आणि गाडीच्या थरथरीने तेथेच तुटते.

केबल चासीच्या चॅनेलच्या आतल्या बाजूने, लवचीक नळीतून न्यावी आणि दर ३० सेंटिमीटरवर रबरी अस्तराच्या क्लिपने धरावी. ब्रेकच्या किंवा डिझेलच्या पाइपला ती बांधू नये. सायलेन्सरपासून वीतभर, फिरत्या शाफ्टपासून त्याहून जास्त दूर ठेवावी; पत्र्यातून आरपार जाते तेथे रबरी बुश घालावे. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून सेल्फजवळ केबलला थोडा झोळ सोडावा.

अर्थिंग

माझ्या काकांची पिकअप मालीमच्या जेटीवरून मासळी घेऊन रोज पहाटे चोडण बेटावर जात असे. तिची बॅटरी एका गॅरेजमध्ये मागे नेऊन घेतली होती. केबल जाड होती, पेटी देखणी होती. जून संपता संपता एका पहाटे रायबंदरच्या फेरीबोटीत इंजिन बंद केले ते पलीकडे पोहोचल्यावर सुरूच होईना, आणि मागच्या गाड्या अडून बसल्यावर चार जणांनी ढकलून पिकअप उतरवली. काका मला म्हणाले, "अरे, बॅटरी नवी, केबल नवी, मग सेल्फ का मारत नाही?" त्यांच्या अंगणात मी बॉनेट उघडून सेल्फ मारायला सांगितले, तेव्हा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून बारीक धूर निघाला. हात लावला तर तिचे प्लास्टिकचे आवरण मऊ झालेले होते.

कारण पुढे उलगडले. परतीची वेगळी केबल ओढलीच नव्हती. बॅटरीचा निगेटिव्ह पेटीच्या सांगाड्याला जोडला होता, सांगाडा रेड ऑक्साइड मारल्यानंतर चासीला आवळला होता, म्हणजे मध्ये रंगाचा थर होता आणि सगळा प्रवाह दोन बोल्टांच्या आट्यांतून जात होता. पुढे चासी आणि इंजिन यांना जोडणारी विणलेली अर्थ पट्टी खाऱ्या ओलीने हिरवी पडून बोटाने चुरली जात होती. इंजिनातून परतायला चांगली वाट न मिळाल्याने प्रवाहाने अॅक्सिलरेटरची केबल धरली होती. बॅटरीचा निगेटिव्ह खुंट (टर्मिनलचा शिशाचा खांब) आणि इंजिनचे ब्लॉक यांच्यामध्ये मी सेल्फ मारताना मोजले, तेव्हा मीटरने २.३ व्होल्ट दाखवले. म्हणजे नव्या बॅटरीतले सव्वादोन व्होल्ट परतीच्या वाटेवरच संपत होते.

चासीचे लोखंड वाईट वाहक आहे, असा यातून अर्थ काढू नये. पोलादाचा विरोध तांब्याच्या आठ-नऊ पट असला, तरी चासीच्या चॅनेलची जाडी इतकी असते की ते मोठ्या केबलच्या तोडीने प्रवाह नेते. प्रवाह अडतो तो सांध्यांत: रंगाखाली, गंजाखाली, सैल बोल्टाखाली. म्हणून चासीवर पूर्ण भिस्त न ठेवता पॉझिटिव्हइतक्याच जाडीची दुसरी केबल कट-ऑफ स्विचपासून थेट सेल्फच्या बैठकीच्या बोल्टापर्यंत, म्हणजे इंजिनाच्या अंगापर्यंत न्यावी. स्विचच्या त्याच टोकावरून दुसरी एक आखूड केबल चासीला द्यावी, आणि इंजिन ते चासी व इंजिन ते बॉडी अशा दोन नव्या पट्ट्या लावाव्यात. जेथे थिंबल बसणार तेथील रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावा, कथिलाचा मुलामा दिलेले थिंबल ठेवावे, स्प्रिंग वायसर घालून आवळावे आणि मगच वरून ग्रीस किंवा प्रायमर फासावा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट, असा उलटा क्रम मी अनेक गाड्यांत पाहिला आहे, तो टाळावा. काकांच्या गाडीत हे सगळे केल्यावर त्याच दोन जागांमधला आकडा ०.३ वर आला.

मोजणी

ही मोजणी बॅटरी हलवण्यापूर्वी एकदा करून आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि काम झाल्यावर पुन्हा करावी. इंजिन सुरू होऊ नये म्हणून बंद करण्याची दांडी ओढून धरावी किंवा स्टॉप सोलेनॉइडची वायर काढावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, आणि एका माणसाला चावीवर बसवावे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावरच टेकवावी, त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवू नये, कारण खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधला दोषही मोजायचा असतो. दुसरी सुई सेल्फच्या जाड बोल्टावर ठेवावी. लांबी पुरत नसल्यास साधी बारीक वायर जोडून वाढवली तरी वाचनात फरक पडत नाही. सेल्फ पाच सेकंद मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग सुया निगेटिव्ह खुंट आणि इंजिनचे ब्लॉक यांवर ठेवून तेच करावे. तेथेही अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आकडा जास्त आला तर एक सुई जागीच ठेवून दुसरी एकेका सांध्यावर सरकवत आणावी. ज्या सांध्यापाशी आकडा एकदम उडी मारतो, तोच सांधा उघडून साफ करावा.

सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या स्वतःच्या दोन खुंटांमध्ये ९.६ व्होल्टपेक्षा कमी येत असतील, तर दोष बॅटरीत किंवा सेल्फमध्ये आहे, केबलमध्ये नाही. एका वेळी सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन वेळांमध्ये त्याला निवायला अवधी द्यावा. शेवटी इंजिन चालू करून, हेडलाइट लावून, मागे पेटीतल्या खुंटांवर चार्जिंग मोजावे: १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. बॉनेटमध्ये ठीक आणि पेटीत कमी मिळत असतील, तर पुन्हा केबलकडे वळावे.

नंतरची काळजी

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यानंतर इंजिन बंद करून प्रत्येक थिंबलला हात लावून पाहावा. जे इतरांपेक्षा गरम लागेल ते सैल किंवा कच्चे आहे. टर्मिनल आवळल्यावर त्यावर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. आम्ल सांडले तर खायचा सोडा पाण्यात कालवून ओतावा, फेस थांबेपर्यंत थांबावे आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे सतत वाहत्या पाण्याने धूत राहावे आणि तेथूनच दवाखाना गाठावा. जेटीवर किंवा वाळूत जाणाऱ्या गाडीची पेटी आठवड्यातून एकदा बाहेरून गोड्या पाण्याने धुवावी. पाऊस सुरू होण्यापूर्वी मे महिन्यात आणि तो ओसरल्यावर, साधारण दसऱ्याच्या सुमारास वाहनाची पूजा करण्यासाठी गाडी धुतली जाते तेव्हाच, अर्थिंगचे सगळे सांधे उघडून पाहावेत आणि निगेटिव्ह बाजूची मोजणी पुन्हा करावी.

पेटीच्या झाकणावर आतून आणि बाहेरून रंगाने ठळक लिहावे: बॅटरी येथे आहे, आधी निगेटिव्ह काढा, इंजिन चालू असताना स्विच बंद करू नका. बॉनेटमधल्या जोडबोल्टाजवळही बॅटरी मागे कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवावे. रात्री घाटात गाडी बंद पडली तर मदतीला थांबलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, आणि तेथे रिकामा ट्रे पाहून त्याला पुढे कोठे हात घालायचा हे कळले पाहिजे.